कामावर चला, तास सुरू होतोय

मोबाइल जामनेरलाच ठेवा. घड्याळही काढून ठेवा. आपण निघालोय तिथे घंटा आहेत, भोंगे आहेत. वेळ झाली की कुणीतरी ओरडून सांगेलच. एक जाड सदरा, गुडघ्यापर्यंतची विजार, एक तांब्या आणि घरून फडक्यात बांधून दिलेली कळण्याची भाकरी नि ठेचा, एवढं सामान पुष्कळ झालं. वहाणा नकोत. ज्या पोरांमध्ये मिसळायचंय त्यांच्यातल्या कितीकांच्या पायांत त्या नाहीत. वाचक बाई असतील तर त्यांनी पहिल्या दोन थांब्यांपुरतं पोरगं व्हावं. काळात मागे जायचं म्हणजे एवढं सोंग घ्यावंच लागतं. मुलींची पाळी शेवटच्या थांब्यावर आहे, आणि तिथे त्याच पुढे असणार आहेत.

चढा, पीजे सुटतेय. जामनेर ते पाचोरा, 56 किलोमीटर, अडीच फुटी रुळांवरची आपली छोटी गाडी. 2020च्या टाळेबंदीत थांबली ती हीच. पण आपण 1947च्या जूनमध्ये आहोत आणि इंजिन पाणी पिऊन तयार आहे. डब्यात शिरताच समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. बाकाखाली मिरच्यांचं पोतं आहे, त्यामुळे सगळा डबा पाळीपाळीने शिंकतोय. भागदरा गेलं, पहूर आलं. खिडकीतून भट्टीसारखी झळ येते आणि झळेबरोबर कोळशाचा कण थेट डोळ्यात. शेजारची आजी पदराचा बोळा करते, त्यावर तोंडाची गरम फुंकर मारते आणि तुम्हाला न विचारता डोळ्यावर दाबून धरते. शेंदुर्णीला लोक उतरण्याआधी लोक चढतात. वरखेडीच्या पुढे गाडी इतकी रेंगाळते की एक पोरगा खाली उडी मारून, झुडपाआड जाऊन, पळत येऊन पुन्हा चढतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

पाचोऱ्याला मोठी गाडी. मनमाडला बदला, दौंडला बदला, पुण्याहून मीटरगेज धरा. सातारा रोड स्टेशनवर उतराल तेव्हा कानात काजळी, नाकात काजळी आणि डोक्यावर धो धो पाऊस. आपल्याकडची काळी जमीन अजून भेगा उघडून आभाळाकडे बघतेय, इथे अजिंक्यतारा कमरेपर्यंत ढगात बुडालाय.

मुक्काम धनिणीच्या बागेत. बाग म्हटल्यावर गुलाब शोधू नका. रयत शिक्षण संस्थेचं हे बोर्डिंग आहे, भाऊराव पाटलांचं. पोरं त्यांना अण्णा म्हणतात. याच जूनमध्ये संस्थेने साताऱ्यात आपलं पहिलं कॉलेज उघडलंय, छत्रपती शिवाजी कॉलेज, आणि त्याचा पाया ‘कमवा आणि शिका’ हा आहे. ज्याच्या बापाकडे फी नाही त्याने घाम द्यायचा. बस्स, प्रवेश झाला.

पहाटे घंटा होते. उठा. घोंगडीचा ओला लोकरीचा वास अजून अंगाला आहे. शेजारच्या पोराने रात्रभर तुमच्या बरगडीत कोपर खुपसलाय आणि आता तोच तुम्हाला हलवून उठवतोय. गार पाण्याचे दोन तांबे अंगावर, शेंडीपासून टाचेपर्यंत शहारा, आणि विहीर खणायला हातात टिकाव. तुम्ही तो उचलता तसा शेजारचा हसतो.

“आरं, असा न्हाय. सैल धर. घट्ट धरलास तर टिकाव तुलाच मारंल.”

पहिला घाव दगडावर बसतो आणि मुंग्या खांद्यापर्यंत येतात. दुसरा चिखलात. तिसरा बरा. काही वेळाने तळहातावर फोड येतो, मग तो फुटतो, मग लाकडी दांड्याला लागलेला घाम त्यात शिरतो. या झोंबण्याबद्दल कुठल्याच विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ओळ नसते. टिकाव सुटला की घमेलं. घमेली एका रांगेत या हातातून त्या हातात जातात. रांगेत कुणी थांबला की मागचे चार जण त्याच्या नावाने ओरडतात, म्हणून कुणी थांबत नाही. पलीकडे भाजीच्या वाफ्यात काही जण उकिडवे बसून तण काढतायत. आपण निंदणी म्हणतो, ही पोरं भांगलण म्हणतात. कंबर दोन्हीकडे सारखीच मोडते.

आज स्वयंपाकाची पाळीही तुमच्याकडे आहे. चुलीवर ओली लाकडं, धुराने सगळ्यांचे डोळे लाल. परातीत ज्वारीचं पीठ डोंगराएवढं. तुमची पहिली भाकरी फुटते, दुसरी करपते. शेजारी बसलेला पोरगा जातीने कोण हे तुम्ही विचारायला जाता आणि लक्षात येतं की इथे हा प्रश्न विचारला की सगळे तुमच्याकडे बघतात. बाहेर याच पोराला विहिरीवर चढू देत नाहीत. इथे त्याने थापलेली भाकरी सगळी पंगत खाते, आणि ती तुमच्यापेक्षा गोल असते.

पंगतीत आमटी वाढली जाते. पातळ आहे, वाटीचा तळ दिसतो. पण तिच्यात तरंगणारी भाजी याच वाफ्यातली. धान्यातलं काही ‘मुष्टिफंडा’चं, म्हणजे गावोगावच्या बायकांनी दळायच्या आधी बाजूला काढलेली एकेक मूठ. शेजारचा पोरगा भाकरी मोडता मोडता एक जुनी गोष्ट सांगतो. बोर्डिंगात एकदा दाणा उरला नव्हता, तेव्हा अण्णांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, गळ्यातलं मंगळसूत्र विकून पोरांना जेवू घातलं. तो हे रडवेला होऊन सांगत नाही. या ताटाची किंमत सांगावी तसं सांगतो आणि पुढचा घास घेतो. तुमच्या हातातला करपलेला तुकडा तुम्ही टाकणार होतात; तो तुम्ही मुकाट्याने खाता.

दुपारी वर्ग. तेच पोरगं, तेच हात, आता मांडीवर मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचं इंग्रजी पुस्तक. शिक्षक शिकवतायत, बाहेर पागोळ्या गळतायत आणि तुमचं पेन्सिल धरलेलं बोट सोललेल्या कातड्यामुळे वाकत नाही. डुलकी येते. मागच्या बाकावरून एक ढोसणी येते. सकाळी घमेलं थांबू न देणारी रांग इथेही आहे.

संध्याकाळी एक धिप्पाड म्हातारा माणूस दारातून आत येतो. पांढरी दाढी, जाडीभरडी खादी, हातात काठी. गलका आपोआप खाली बसतो. अण्णा पोरांच्या रांगेतून चालत जातात, कुणाचा ताप बघतात, कुणाची वही. या माणसाने तरुणपणी किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच खपवत अख्खा मुलूख पालथा घातलाय. कामाला भाव कसा मिळतो आणि माणूस कष्टाला कसा तयार होतो, हे ते पुस्तकातून शिकलेले नाहीत. ते गेल्यावर कंदिलाची वात वर होते. रॉकेलचा वास, काचेवर आपटणारे पावसाळी किडे, एका उजेडात पाच डोकी. झोप अनावर होते तेव्हा कळतं की आज दिवसभरात ‘हे काम मी का करतोय’ असा प्रश्न एकदाही पडला नाही. विहीर खणली नाही तर पाणी नाही. वाफा निंदला नाही तर आमटीत भाजी नाही. भाकरी थापली नाही तर पंगत उपाशी. तुमच्यावाचून कुणाचं तरी अडत होतं.

एवढं लक्षात ठेवा आणि घोंगडी झटकून उठा. पुढचा थांबा लांब आहे, साताऱ्याचा पाऊस ओसरायच्या आत 41 वर्षं मागे आणि दोन समुद्र ओलांडून.

सिनसिनाटी, अमेरिका, 1906. पायांत आता बूट आहेत, जड आणि चावणारे. डोक्यावर टोपी, हातात पत्र्याचा जेवणाचा डबा. ओहायो नदीकडून येणारं धुकं कारखान्यांच्या धुरात मिसळून खालीच बसलंय, त्यामुळे सकाळ झाली आहे हे फक्त भोंग्यावरून समजतं. आत शिरा. डोक्यावर लांबलचक दांडे फिरतायत, त्यांच्यावरून चामड्याचे पट्टे सटासट खाली येऊन एकेका लेथला फिरवतायत. बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. कापणाऱ्या हत्याराच्या टोकाशी जळक्या तेलाचा वास, निळसर धूर आणि लोखंडाचा गरम कीस. तो कीस बाहीत शिरतो आणि तुम्ही नाचायला लागता. मागचा म्हातारा कारागीर हसतो. त्याचं इंग्रजी जर्मन वळणाचं आहे, पण बाही घट्ट बांध हे तो खुणेने सांगतो.

तुम्ही सिनसिनाटी विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहात. वर्गात तुमच्यासारखे 27 जण. हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने हा घाट घातलाय. म्हणतात, आधीच्या गावी कॉलेजच्या आवारातून जाताना त्यांना शेजारच्या पोलाद कारखान्याच्या भट्टीचा स्फोटासारखा आवाज आला, आणि वाटलं, एवढी मोठी प्रयोगशाळा कुंपणापलीकडे धगधगत असताना आपण आत दुसरी का बांधतोय? मग त्यांनी कारखानदारांची दारं वाजवली.

रचना सोपी आणि भारी आहे. एका जागेवर दोन विद्यार्थी. हा आठवडा तुम्ही लेथवर, तुमचा जोडीदार वर्गात. पुढच्या आठवड्यात उलट. मजुरी तासावर, खऱ्या कामगाराच्या यादीत तुमचं नाव. आणि शनिवारी, काम सुटायच्या सुमाराला, स्वच्छ कपड्यातला जोडीदार येऊन तुमच्या शेजारी उभा राहतो. तुम्ही काळ्या बोटांनी दाखवता: हा दांडा इथवर उतरवलाय, हे माप अजून राहिलंय, हा पट्टा घसरतो, आणि फोरमनला दुपारच्या आधी काही विचारू नकोस. तो मान डोलावतो. सोमवारी त्याने हे यंत्र नेमकं इथूनच पुढे न्यायचंय. तुम्ही शनिवारी नीट सांगितलं नाही, तर त्याचा सोमवार बुडेल आणि शिव्या तुमच्या नावाने पडतील.

दुपारच्या सुट्टीत भिंतीला टेकून डबा उघडा. ब्रेडला यंत्राच्या तेलाचा वास लागलाय. समोरचा कारागीर तुमच्या डब्यात डोकावतो, आपल्या काकडीच्या लोणच्याचा एक तुकडा टाकतो. साताऱ्यात पंगत होती, इथे पंगत नाही, पण वाटून खाण्याची पद्धत आहे. आणि वर्गातला प्राध्यापकही अधूनमधून कारखान्यात येऊन उभा राहतो, कारण तुम्ही इथे काय करता हे त्याला ठाऊक नसेल तर पुढच्या आठवड्यात तो शिकवणार काय?

साताऱ्याने पोट भरलं आणि मान ताठ ठेवली. सिनसिनाटीने धंदा हातात दिला. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं नाही. दोघांनी आपापल्या अडचणीतून हे काढलं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. विद्यार्थी आला नाही तर काम पडून राहत होतं.

परतीच्या वाटेवर खिडकीतून नुसतं बघून घ्या, उतरायचं नाही. 1957ची कॅनडातली उन्हाळी सकाळ: वॉटरलू विद्यापीठ सुरू होतंय ते याच पद्धतीवर, काही महिने वर्ग आणि काही महिने नोकरी. आज आपल्याकडच्या कितीतरी घरातली मुलं तिथल्या ‘को-ऑप’च्या मुलाखतींना बसतात आणि आई-बाबांना फोनवर गारठ्याच्या गोष्टी सांगतात. मग 1973, राजस्थानातली वाळू: पिलानीची बिट्स ‘प्रॅक्टिस स्कूल’ नावाने पोरांना कारखान्यांत पाठवू लागली आहे. खिडकी लावून घ्या, धूळ येतेय.

आता जळगाव, आजचं. गिरणेच्या काठी, बांभोरीजवळच्या टेकड्यांवर आपलं विद्यापीठ. 2018पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आसोद्याची ही बाई शाळेची पायरी चढली नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे राबता राबताच तिला जे सुचायचं ते सुचलं. पदवीचा कागद वाटणाऱ्या संस्थेला हे नाव देऊन आपण एक मोठा शब्द देऊन ठेवलाय, हे कुणाच्या ध्यानात आहे की नाही कोण जाणे.

कारण आजचं चित्र बघा. तुमच्या अंगात आता टी-शर्ट आहे, खिशात मोबाइल परत आलाय. नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात ओजेटी आणली, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण, एम.ए., एम.कॉम.लासुद्धा त्याचे 4 श्रेयांक. कागदावर झकास. प्रत्यक्षात तुम्ही मामाच्या दुकानात जाता, मामा चहा पाजतो आणि शिक्का मारतो. शिक्क्याची शाई ओली आहे, तेवढाच तुमच्या हाताला लागलेला कामाचा डाग. दुसरा एखादा मित्र खरंच कामावर जातो, पण तिथे त्याला खुर्ची मिळते, काम मिळत नाही. पंख्याखाली बसून तो जुन्या फायली नव्या गठ्ठ्यात बांधतो, संध्याकाळी कुणीतरी त्या पुन्हा सोडतो. तिसऱ्याचं उलटं: त्याला काम एवढं मिळतं की तो बिनपगारी हमाल होतो. तिघांनाही प्रमाणपत्र सारखंच.

पैसे नाहीत असं नाही. 2024मध्ये राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली: बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. विद्यापीठ अनुदान आयोगानेही 2025मध्ये उमेदवारीसह पदवीची चौकट दिली, म्हणजे पदवीच्या आतच काही सत्रं कामावर आणि त्याचं विद्यावेतन. रस्ते आखून झालेत. पण साताऱ्याच्या वाफ्यात आणि सिनसिनाटीच्या लेथवर जे होतं ते योजनेच्या कुठल्याच कलमात लिहिता येत नाही: तू आज आला नाहीस तर माझं अडेल.

म्हणून शेवटच्या थांब्यावर या. हा अजून बांधलेला नाही, तेव्हा मी म्हणतो तसा बघा. 2040चा नोव्हेंबर, दिवाळी नुकतीच सरलीय, जामनेरच्या बाहेरचं एक जिनिंग. वाचक पुरुष असाल तर आता तुम्ही पोरगी व्हा, हिशेब पुरा झाला पाहिजे. तुम्ही जळगावला संख्याशास्त्र शिकता. एक आठवडा टेकडीवरच्या वर्गात, एक आठवडा इथे. तुमची जोडीदारीण शेंदुर्णीची.

फाटकात शिरताच कपाशीचा वास येतो, उन्हात तापलेला, थोडा गोडसर. पांढरे डोंगर, त्यांच्यामधून ट्रॅक्टरची रांग, ट्रॅक्टरवर चादर पांघरून झोपलेले शेतकरी. आत रेचे चालू झालेत. जमीन थरथरते, हवेत तंतू तरंगतात, नाकाला फडकं बांधलं तरी घशात खवखव. एकीकडून सरकी पडतेय, दुसरीकडून रुई. पलीकडे दाबाखालून 170 किलोची गठाण धप्पकन बाहेर येते आणि दोन माणसं तिला पट्ट्या आवळतात. नव्या यंत्राच्या पडद्यावर धाग्याची लांबी आकड्यांत उमटते, पण मुकादम अजूनही चिमूटभर रुई दोन अंगठ्यांनी ओढून आधी आपला आकडा सांगतो. तो आणि यंत्र यांच्यात कोण किती वेळा चुकतं याची वही तुम्ही ठेवलीय. गेल्या सत्राचा तुमचा प्रकल्प तोच होता. गुण बरे मिळाले आणि मुकादम आठवडाभर बोलला नाही.

आत्ताचं काम मात्र फाटकावर आहे. ट्रॉलीतल्या कपाशीचा ओलावा मोजायचा. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12पर्यंत कापून, त्याहून ओली असेल तर परत. मीटरची सुई वरच्या थरात खुपसली, आकडा 8च्या आत. शेतकरी खूश. पण वर्गात तुम्हाला शिकवलंय की नमुना सोयीच्या जागेवरून घेतला की तो नमुना राहत नाही. तुम्ही ट्रॉलीवर चढता, कोपरापर्यंत हात घालता. आत गार लागतं. खालचा आकडा 13.

“पोरी, कालच वेचलाय. दव लागलं असेल,” शेतकरी म्हणतो. तो तुमच्या आजोबांच्या वयाचा आहे. मागची रांग हॉर्न वाजवतेय. मुकादम लांबून बघतोय, मध्ये पडत नाही.

इथे पुस्तक संपतं. खोटा आकडा लिहिला तर गठाण पिवळी पडेल. खरा लिहिला तर म्हातारा भाडं भरून माल घरी नेईल. तुम्ही त्याला सांगता, “बाबा, वरचा थर वेगळा उतरवू, त्याला पूर्ण भाव. खालचा शेडमध्ये पसरून वाळवू द्या, उद्या पुन्हा मोजते.” शेडची परवानगी मुकादमाची. तो डोकं खाजवतो, शिवी गिळतो आणि हात करतो. शनिवारी शेंदुर्णीची पोरगी येईल तेव्हा तिला हे सगळं सांगायला हवं: कुठला ढीग कुणाचा, किती वाळला, आणि दोन नंबरचं मीटर सकाळी अर्धा टक्का जास्त दाखवतं.

संध्याकाळी पगार. कपात कशाची, हे तुम्ही भांडून विचारून घेता. मजूर म्हणून नाव लागलं की भांडायचा हक्कही लागतो. दोन दिवसांनी तुमच्या प्राध्यापिका फडकं बांधून याच फाटकावर येणार आहेत. आल्या नाहीत तर पुढच्या आठवड्यातला तास तुम्हीच घ्याल, अशी जिनिंगमध्ये चेष्टा आहे.

असं 2040 आपोआप उगवणार नाही. त्याला विद्यापीठ पुरत नाही, सरकारचा पैसाही पुरत नाही. दारं उघडणारी माणसं लागतात. जळगावच्या डाळ मिला, चटई आणि पाइपांचे कारखाने, जामनेरची जिनिंगं, दवाखाने, नगरपालिकेचं पाण्याचं खातं, यांच्याकडे रोज अडणारी कामं आहेत आणि ती हुशार हातांची वाट बघतायत. तुमच्याकडे असं एखादं काम असेल, तर गावातल्या कॉलेजला आजच कळवा. काम काय, शिकवणार कोण, आणि पगार किती, हे तिन्ही लिहा. पगाराची ओळ रिकामी ठेवू नका.